तुम्ही विचारलंत म्हणून: हिरवा आणि तपकिरी ॲनोल एकत्र का ठेवायचे नाहीत

आम्ही फ्लोरिडात राहतो. घरी आलेल्या मंडळींना काचेच्या पेटीतला आमचा हिरवा ॲनोल, म्हणजे झाडावर राहणारा छोटा सरडा, दिसला, की प्रश्न ठरलेला असतो: "अंगणात एवढे तपकिरी सरडे पळतायत, त्यातला एखादा याच्या सोबतीला ठेवला तर?" पुण्याहून फोनवर भाचेकंपनीही हेच विचारते. माझं उत्तर "नको" असं आहे. का, ते जरा सविस्तर सांगते.

हिरवा ॲनोल मूळचा इथला, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तपकिरी आला क्यूबा आणि बहामा बेटांकडून. फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या कीज बेटांवर त्याची पहिली नोंद १८८७ची आहे आणि आज तो राज्यभर दिसतो. दोघे एकाच झाडावर राहतात खरे, पण तपकिरी जमिनीलगत आणि बुंध्याच्या खालच्या भागात, तर हिरवा वर पानांत. फ्लोरिडातल्याच मॉस्क्विटो लगून या खाजणातल्या छोट्या बेटांवर संशोधकांनी १९९५मध्ये मुद्दाम तपकिरी सोडून पाहिले. काही महिन्यांतच हिरवे आणखी उंचावर बसू लागले. पंधरा वर्षांनी मोजमाप केलं, तर त्यांच्या पायांच्या बोटांखालच्या चिकट गाद्या मोठ्या झालेल्या होत्या. उंचावरच्या गुळगुळीत फांद्यांवर पकड लागते ना! मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. हिरव्याला वर जायला जागा होती, म्हणून तो तगला.

दोन फुटी पेटीत वर म्हणजे कुठे जाणार?

"पण ते भांडत तर नाहीत," असं लोक म्हणतात. भांडण दिसायला हवंच असं नाही. नर अंगावर आला की मानेवरची कड ताठ होते, डोळ्यामागे काळा डाग उमटतो, गळ्याखालचा पंखा उघडतो. हिरव्याचा पंखा गुलाबी, तपकिरीचा लालसर केशरी आणि पिवळसर काठाचा. (साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-केशरी पंख्याचे सरडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही ऐट लगेच ओळखू येईल.) हे झालं उघड भांडण. दबलेला प्राणी मात्र काहीच करत नाही. तो कोपऱ्यात बसतो, दिव्याखाली ऊब घ्यायला येत नाही, रातकिडे दुसऱ्याला खाऊ देतो. ऊब नाही तर अन्न पचत नाही, आणि तो हळूहळू वाळत जातो. हिरव्या ॲनोलचा रंग ताणाने तपकिरी होतो; तो उबदार पेटीत भर दिवसा सतत तपकिरीच दिसत असेल, तर त्याला सोबत आवडली असं समजू नका.

शिवाय अंगणातून उचललेल्या सरड्याबरोबर जंतही घरात येतात. मादी एका वेळी एकच अंडं ओल्या मातीत घालते, आणि त्यातून निघालेलं इवलंसं पिल्लू मोठ्या तपकिरीला खाऊच वाटतं. कुणी क्यूबाच्या नाइट (Knight) ॲनोलबद्दल विचारतं. तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि लहान ॲनोल गिळतो. तो विषय तिथेच संपला.

सोबत हवीच असेल तर त्याच जातीची: एक नर, दोन माद्या, आणि उंच, झाडोऱ्याने भरलेली मोठी पेटी. दोन नर कधीच नकोत. दिव्याखाली तीस अंशांच्या आसपास ऊब, यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, आणि रोज पानांवर पाण्याचा फवारा. हा प्राणी वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. नवख्यांच्या घरी हे सरडे तहानेनेच जास्त जातात, असं मी पाहिलंय.

दोन्ही जाती पाळायच्याच असतील तर दोन पेट्या घ्या. त्या शेजारी ठेवल्या तर मध्ये पुठ्ठा लावा, कारण काचेतून दिसणाऱ्या नरासमोरही हे दिवसभर पंखा उघडून उठाबशा काढत राहतात आणि खाणं विसरतात.