आठ वाजताचे दिवे

जुन्या वादळांची यादी करणं हे माझं काम. जहाजांची लॉगबुकं, म्हणजे प्रवासाच्या नोंदवह्या, आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या रोजनिशा वाचायच्या, वाऱ्याच्या नोंदी वेचायच्या, तारखा जुळवायच्या. यात वाऱ्यापेक्षा तारखाच जास्त छळतात.

त्या दिवशी समोर १७४० च्या दशकातलं एक इंग्रजी लॉगबुक होतं. युद्धनौका, सोबत व्यापारी जहाजांचा तांडा, हॉलंडचा किनारा नजरेच्या टप्प्यात. तारीख १२ ऑक्टोबर आणि पानभर वादळ. त्याच किनाऱ्यावरच्या एका माणसाची रोजनिशीही माझ्याकडे होती. तो लिहितो, अंधार पडता पडता छपराची कौलं उडायला लागली. त्याची तारीख २२ ऑक्टोबर.

या फरकाने मी दचकले नाही. इंग्लंडने ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती, दिनदर्शिका स्वीकारली ती १७५२ साली. हॉलंडमध्ये ती सोळाव्या शतकाच्या अखेरीसच आली होती. अठराव्या शतकात इंग्लंडची जुनी तारीख नव्या तारखेच्या ११ दिवस मागे पडते. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे तिथल्या कागदावरचा ‘जानेवारी १७३९’ हा आपला जानेवारी १७४० असतो. १७४० च्या आरंभीची ती कुप्रसिद्ध कडाक्याची थंडी मी स्वतः एकदा वर्षभर आधी नेऊन ठेवली होती. तेव्हापासून मी सावध होते, किंवा तसं मला वाटत होतं.

१२ अधिक ११ म्हणजे २३. रोजनिशीत २२. एक दिवस उरलाच.

लॉगबुकच्या पानावर डावीकडे तासांचा रकाना असतो: वरच्या अर्ध्यात १ ते १२, खालच्या अर्ध्यात पुन्हा १ ते १२. वरच्या ८ च्या आसपास वादळ ऐन भरात होतं. म्हणजे २३ ला सकाळी आठ. रोजनिशीवाला मात्र म्हणतो, २३ ला उजाडेपर्यंत वारा पडला होता. एकाच किनाऱ्यावर, एकाच सकाळी, एकाकडे तुफान आणि दुसऱ्याकडे शांतता! मी यादीत दोन वेगळी वादळं टाकली आणि रोजनिशीवाल्यापुढे शेरा मारला: ‘बहुधा नंतर आठवणीने लिहिलेलं, तारखा अविश्वसनीय.’ छापील रकाने असलेल्या कागदावर आपला चटकन विश्वास बसतो.

दुपारनंतर त्याच पानावर वाऱ्याची दिशा टिपायला परत आले. हे काम सावकाश होतं, कारण लॉगबुकमधली दिशा चुंबकीय होकायंत्राची असते आणि त्या काळी तिथे सुई खऱ्या उत्तरेपासून पश्चिमेला एका पॉइंटहून, म्हणजे सव्वाअकरा अंशांहून जास्त ढळलेली असायची. ती दुरुस्ती करता करता शेऱ्यांच्या रकान्यात वाचलं: ८ वाजता तांड्यातल्या जहाजांना दिवे दाखवले.

सकाळी आठ वाजता दिवे?

खालच्या अर्ध्यातल्या ८ पुढे पाहिलं. तिथे लिहिलं होतं की तांड्यातली जहाजं मोजली, दोन दिसत नाहीत. रात्री आठला, खवळलेल्या समुद्रात, जहाजं कोण मोजणार? पान उलटं होतं. म्हणजे पान सरळच होतं, मी उलटं वाचत होते. वरचा अर्धा भाग दुपारनंतरचा, खालचा मध्यरात्रीनंतरचा.

समुद्रावर त्यांचा दिवस मध्यान्हाला सुरू व्हायचा. रेखांश नेमका काढायची सोय नव्हती. दुपारी सूर्य माथ्यावर आला की त्याची उंची मोजून अक्षांश मात्र पक्का मिळायचा. आपण कुठे आहोत हे ज्या क्षणी कळतं, तिथून नवं पान. पुढचे २४ तास वेग, दिशा आणि वारा यांचाच हिशोब, म्हणून तर वारा इतक्या काटेकोरपणे लिहिलेला. हवामानाची आवड म्हणून त्यांनी तो लिहिला नव्हता, खडकावर आपटू नये म्हणून लिहिला होता. आणि या पद्धतीत १२ तारीख सुरू होते ११ च्या दुपारी! ब्रिटिश आरमाराने ही रीत १८०५ मध्ये सोडली.

मग वरचे ८ वाजले ते जुन्या ११ च्या, म्हणजेच नव्या २२ च्या रात्री. कौलं उडाली ती संध्याकाळ. २३ च्या उजाडत्या ओळींत जहाजावरही वारा ओसरत गेला होता. वादळ एकच. मी रोजनिशीवाल्यापुढचा शेरा खोडला आणि त्याच जहाजाच्या सगळ्या तारखा पहिल्यापासून काढायला बसले.

तीन पानं पुढे जहाज बंदरात शिरलं होतं. बंदरात मात्र ते लोक आपल्यासारखाच मध्यरात्रीपासूनचा दिवस धरायचे, म्हणून बदल होतो त्या दिवशी सांधा जोडावा लागायचा: दुपारी सुरू झालेलं पान पुढच्या दुपारी न संपता त्यानंतरच्या मध्यरात्रीपर्यंत न्यायचं. त्या पानाच्या तळाशी लेखकाने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: या लॉगमध्ये ३६ तास आहेत.

आठवड्यापूर्वी ते पान मी वाचलं होतं. माझ्याच टिपणात त्या ओळीपुढे होतं: ‘लेखनिकाची चूक?’