आमची वाटचाल: गिरणीच्या लेथपासून ट्रॅकवरच्या झेनपर्यंत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमची पत्र्याची शेड आहे. स्पर्धेच्या गाड्यांत दुसरं, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं काम आम्ही करतो. एक पिट (गाडीखाली उतरायचा खड्डा), इंजिन उचलायचा एक चेन ब्लॉक आणि कोपऱ्यात आप्पांचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. आप्पा म्हणजे माझे वडील, गिरणीतले टर्नर. सोलापुरात पहिली गिरणी 1877 साली उभी राहिली आणि त्यानंतर या गावात पिढ्यान्‌पिढ्या फिटर, टर्नर, जॉबर घडत गेले. आप्पांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी फंडाच्या पैशातून हा जुना लेथ घेतला आणि पॉवरलूमचे शाफ्ट, बुश करून द्यायला लागले. मी गाडीचं काम गॅरेजात शिकलो, पण माप घ्यायला शिकलो ते या लेथशेजारी.

बारा वर्षांपूर्वी विजापूर रोडचा एक मुलगा मारुतीची कार्बोरेटरवाली जुनी झेन घेऊन आला. "दादा, हिच्यात एस्टीमचं इंजिन टाकून द्या, मला ऑटोक्रॉसला उतरायचंय." ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या वाटेवरची, घड्याळाविरुद्धची शर्यत. झेनचं इंजिन 993 सीसीचं, ताकद 50 बीएचपी. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवाल्या एस्टीमचं 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, 85 बीएचपी. दोन्ही सुझुकीच्या जी मालिकेतली, त्यामुळे हा जोड जमतो हे ऐकून होतो. गाडीचं वजन जेमतेम साडेसातशे किलोच्या आसपास. एवढ्याशा गाडीत 85 घोडे म्हटल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

इंजिन भंगारबाजारातून आणलं, चार दिवसांत बसवलं. पाचव्या दिवशी एका मोकळ्या मैदानात गाडी काढली. मे महिना, आणि सोलापूरचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. सहा-सात चकरा झाल्या आणि तापमानाचा काटा वर गेला. मुलाच्या लक्षात येईपर्यंत बॉनेटखालून वाफ निघाली होती. रेडिएटर झेनचाच ठेवला होता मी. पन्नास घोड्यांची उष्णता काढणाऱ्या जाळीवर पंच्याऐंशींचं ओझं टाकलं होतं.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडून आप्पांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते रॉकेलनं पुसलं, स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) तिरकी टेकवली आणि खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवली. हेड वाकण्याची मर्यादा 0.05 मिलिमीटरची. 0.05 ची पाती सहज गेली, मग 0.10 ची, मग 0.15 चीही. आप्पा काही बोलले नाहीत. पाती पुसून परत पेटीत ठेवली आणि चष्मा काढला. त्या शांततेचं मला आजही वाईट वाटतं. हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, मोठा रेडिएटर, सगळं आमच्या खिशातून केलं. मुलाकडून एक रुपया घेतला नाही, कारण चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही इंजिनाला शेवटी हात लावतो. आधी पाणी, पेट्रोल आणि ब्रेक. कार्बोरेटरच्या झेनला साधा मेकॅनिकल पंप पुरतो. इंजेक्शनला अडीच-तीन बारचा दाब लागतो, म्हणजे इलेक्ट्रिक पंप आला, दाब सोसणारे पाइप आले, टाकीकडे परतीची लाइन आली. जुन्या रबरी पाइपावर दाब चढवला तर पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर उडतं, आणि त्यापुढे काय होतं ते मला बघायचं नाही. वायरिंगचं तर अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) ईसीएमसकट, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट, त्याच इंजिनाच्या गाडीचं घेतो. तुकडे जोडून केलेलं वायरिंग ट्रॅकच्या धक्क्यांत हमखास दगा देतं. इंजिन ज्यावर टेकतं ते फाउंडेशनचे ब्रॅकेट आप्पा स्वतः करतात. इंजिन अर्ध्या इंचानं जरी तिरकं बसलं तरी एक्सलचा कोन बिघडतो आणि जॉइंट खातो. लूमच्या शाफ्टचंही असंच असतं, असं ते म्हणतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रोजच्या रस्त्यावर चालवायच्या गाडीत आम्ही असं इंजिन टाकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि 2019 साली सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. "आरटीओचं मी बघून घेतो" म्हणणारे पुष्कळ येतात. त्यांना चहा पाजून परत पाठवतो. बिल मोठं असतं, मान्य आहे. पण उद्या तीच गाडी सात रस्त्यावर कुणाच्या पोराला धडकली तर विमा कंपनी हात वर करेल आणि माझ्या हाताला ते कायमचं लागून राहील. स्पर्धेची गाडी ट्रेलरवर जाते, रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा लोखंडी पिंजरा) आणि अग्निशामक घेऊन जाते. त्याशिवाय आमच्या दारातून सुटत नाही.

ती पहिली झेन नंतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावली. मी सोबत गेलो होतो. शर्यत बघितलीच नाही मी; ट्रॅकच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, उभा राहून तो मुलगा आत आला की फक्त काट्याकडे बघत होतो. काटा मधेच होता, दर वेळी.

सध्या आमच्या शेडमधल्या पिटवर मारुतीची एक जिप्सी आहे. तिच्यात बलेनोचं 1590 सीसीचं इंजिन जायचंय. बलेनोत ते आडवं असतं, जिप्सीत उभं बसतं, त्यामुळे काम वेगळं आहे. आप्पांना आता लेथवर फार वेळ उभं राहवत नाही, स्टुलावर बसतात. काल गिअरबॉक्सच्या तोंडावर डायल गेज (जोड सरळ बसलाय का ते सुईनं दाखवणारं माप) लावून त्यांनी मला हाताने फ्लायव्हील हळू फिरवायला लावलं. सुई थोडी हलली. "परत खोल," म्हणाले. आज सकाळी परत खोललंय.