पानी सुटनं का?

मे सरत आला की आमच्या अमळनेरच्या घरी अडकित्त्याचा कटकट आवाज सुरू व्हायचा. लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून मोठी माय परातीवर फडकं टाकायची आणि सकाळी उठल्या उठल्या आईला विचारायची, "पानी सुटनं का व?" सुटलेलं असायचंच. फोडी कडेनं आकसलेल्या, तळाशी पिवळंधम्मक आंबट पाणी. त्यात बोट बुडवून चाटायची परवानगी एकदाच.

थेंबभर पाणी न घालता हे आलं कुठून, ते शाळेत 'परासरण' शिकलो तेव्हा कळलं. कैरीच्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचं दुपदरी पटल असतं, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. त्यातून पाणी ये-जा करतं, मिठाला मात्र सहजासहजी वाट नाही. मग मीठ बाहेरूनच पाण्याला ओढून घेतं. पटलातल्या पाण्याच्या खास वाटा शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे पेशी मरते, पटलाचा पहारा उठतो आणि मीठ, तिखट, मोहरी सगळं बिनदिक्कत आत शिरतं. त्यालाच आपण 'मुरलं' म्हणतो.

एका उन्हाळ्यात लग्नातलं जेवून आलो आणि जुलाब सुरू झाले. अंगातलं मीठ गेलं म्हणून तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ ढवळलं आणि डोळे मिटून प्यायलो. हाल आणखी वाढले. डॉक्टर म्हणाले, "स्वतःचंच लोणचं घालताय का?" खरंच होतं ते. आतड्यात मीठ फार झालं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात खेचतं. लिटरभर पाण्याला चहाचा अर्धा चमचा मीठ पुरे, पण सोबत त्याच चमच्यानं सहा सपाट चमचे साखर हवी. आतड्याच्या पेशींना एक दार असं आहे की मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं, आणि मग पाणी त्यांच्या मागोमाग आत जातं. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले.

घरी येऊन हे सगळं मोठ्या मायला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि त्या दिवशी मला परातीजवळ फिरकू दिलं नाही. आईला म्हणाली, "येनं पानी ते पह्यलेच सुटी गयं."