दगड आम्हीही फोडला

माझी नोकरी हातपंपांची होती. लातूर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांमध्ये, उन्हाळ्यात आटणाऱ्या विंधन विहिरींचे जलभंजन करणाऱ्या पथकात मी अनेक वर्षे काढली. निवृत्तीनंतर, घरांच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या जवळ वायूसाठी फ्रॅकिंग, म्हणजे खोल खडक दाबाच्या पाण्याने फोडून वायू काढणे, नको म्हणून उभ्या राहिलेल्या गावांविषयी मी शाळांतून आणि ग्रामसभांतून बोलू लागलो, तेव्हापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "साहेब, तुम्हीसुद्धा जन्मभर बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून खडकच फोडलात. मग तेच काम दुसऱ्या कोणी वायूसाठी केले, तर तुमचा विरोध कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहितो.

जलभंजन करताना आम्ही हातपंप उतरवत असू, केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या नळीच्या, खाली पक्क्या खडकात रबरी पॅकर फुगवून बोअर बंद करत असू आणि टँकरमधील स्वच्छ पाणी पंपाने त्याखाली दाबत असू. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढत जातो, थरथरतो आणि एकाएकी खाली येतो. तो पडला की काळ्या पाषाणातली बुजलेली भेग उघडली असे समजायचे. सारा खेळ दोनशे फुटांच्या आतला, आणि खर्ची पडणारे पाणी एक-दोन टँकर.

एका गावात काटा पडला आणि तासाभराने शेजारच्या आडाचे पाणी गढूळ झाले. एक म्हातारी बाई तांब्या भरून घेऊन माझ्यापुढे आली. "काय वतलंस रं बाबा त्या बोअरात?" मी म्हणालो, "टँकरचंच पाणी, मावशी. दगडाचा भुगा आलाय, निवळंल." तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मग तू पी की." मी प्यालो. तिसऱ्या दिवशी आड निवळला.

माझे उत्तर मावशींच्या त्या प्रश्नापासून सुरू होते, कारण आत काय ओतले हे मला ठाऊक होते आणि ते मी पिऊ शकत होतो. वायूसाठीच्या फ्रॅकिंगमध्ये हजारो फूट खोल, वायू अडकलेल्या शेल नावाच्या खडकात जे सोडतात, त्यात बहुतांश पाणी आणि वाळू असते, रसायनांचे प्रमाण साधारण अर्धा ते दोन टक्के. हा आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात. परंतु अमेरिकेत एका विहिरीला लागणारे पाणी सुमारे ५७ लाख लिटरपासून ६ कोटी लिटरपर्यंत जाते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते आणि पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून २५ लाख लिटर येऊ लागले. त्या हिशेबाने मोठ्या विहिरीसाठी अशा २४ गाड्या लागतील, आणि एक कोटी लिटरमधला अर्धा टक्का म्हणजे अख्खी एक वाघीण भरून रसायने. त्यांतील काहींची नावे व्यापारी गुपित म्हणून झाकून ठेवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली, आणि २००५च्या अमेरिकी ऊर्जा कायद्याने तर डिझेलचा वापर वगळता फ्रॅकिंगला तेथील पेयजल सुरक्षा कायद्याच्या, जमिनीत द्रव सोडण्यावरील नियंत्रणातून बाहेरच काढले. मावशींचा प्रश्न तेथे कोणी विचारला, तर गुपित ठरवलेल्या रसायनांबद्दल उत्तर देण्यास कंपनी सहसा बांधील नव्हती. शिवाय जे आत जाते त्यातला काही भाग खोल खडकातले क्षार, बेरियम आणि रेडियम घेऊन वर परत येतो, आणि त्याची विल्हेवाट लावावी लागते.

"ते तर हजारो फूट खाली, आपले पाणी वर," असे यावर कोणी ना कोणी म्हणतोच. मला मात्र केसिंग आठवते. एका गावात ठेकेदाराने दोन केसिंग पाइप वाचवले, मुरमाचा थर पूर्ण झाकला गेला नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात गटाराचे पाणी बोअरमध्ये उतरले. आठवड्याभरात निम्म्या गल्लीतली पोरे जुलाबाने आडवी झाली. त्या बोअरची खोली दोनशे फूट होती, पण घात झाला तो वरच्या पंधरा-वीस फुटांत. वायूच्या विहिरीचेही तसेच आहे. ती कितीही खोल गेली तरी पिण्याच्या पाण्याचा थर भेदूनच खाली जाते, आणि तिची लोखंडी नळी व भोवतीचे सिमेंट कच्चे राहिले, तर वायू वर येण्याची वाट तेथूनच होते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डिमॉक या खेड्यात हेच झाले. १ जानेवारी २००९ रोजी तेथील एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेन वायूचा स्फोट झाला, आणि राज्याच्या यंत्रणेने त्याचा दोष सदोष वायुविहिरींवर ठेवला. प्रत्येक फ्रॅकिंगने पाणी नासतेच, असे मी कधीही म्हणत नाही. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०१६च्या अंतिम अहवालातही एवढेच आहे की काही परिस्थितींत पिण्याच्या पाण्याला बाधा पोहोचू शकते आणि असे किती वेळा घडते हे सांगण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. ज्याच्या घरात दुसरे पाणी नाही, त्याला नकार देण्यास एवढे पुरेसे आहे असे माझे मत आहे. परळीच्या औष्णिक केंद्राची राख ज्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांवरून झटकली आहे, त्यांना कोळशाची बाजू घ्या असे मी सांगणार नाही. पण वायू कोळशाहून कमी धुराचा आहे, या कारणासाठी कोणाचा आड पणाला लावता येत नाही.

पिण्याच्या पाण्यापासून अंतर राखण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास आपल्याकडे मनाई केली. तो नियम किती पाळला गेला हे गावोगावचे लोक जाणतात, तरीही निदान नियम होता. टेक्सासमधील डेंटन शहरात घरांपासून काहीशे फुटांवर विहिरी आल्या, तेव्हा लोकांनी ४ नोव्हेंबर २०१४ रोजी मतदान घेतले आणि सुमारे ५९ टक्के मतांनी शहराच्या हद्दीत फ्रॅकिंगवर बंदी घातली. पुढच्याच मे महिन्यात राज्याने कायदा करून अशी बंदी घालण्याचा गावांचा अधिकार काढून घेतला. उलट न्यूयॉर्क राज्यात ड्रायडनसारख्या छोट्या गावाचा तोच अधिकार जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने मान्य केला.

आपल्या पायाखाली बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण आहे, म्हणून हा प्रश्न दूरचा वाटेल. शेल वायूचा शोध आपल्या देशात खंबात, दामोदर, कावेरी आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यांत झाला. परंतु पैठण आणि नांदेडवरून जाणारी गोदावरी त्याच कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्राला मिळते, आणि जमिनीवरील तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून सूट देणारा जानेवारी २०२०चा केंद्राचा बदल साऱ्या देशाला लागू होता. तमिळनाडूत नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये हायड्रोकार्बन, म्हणजे तेल-वायू काढण्याच्या प्रकल्पाविरुद्ध धरणे धरले, आणि २०२० मध्ये राज्याने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवले.

डिमॉकमधल्या काही घरांपुढे कित्येक वर्षे पाण्याच्या मोठ्या टाक्या उभ्या होत्या आणि त्या बाहेरून आणलेल्या पाण्याने भरल्या जात. हे वर्गात सांगतो तेव्हा आपल्या मुलांना काही समजावून द्यावे लागत नाही. टँकरची वाट पाहत त्यांनी शाळा बुडवलेल्या आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये डिमॉकच्या त्या वायुविहिरींच्या कंपनीने न्यायालयात आरोपांना आव्हान न देता गावाच्या नळयोजनेचा खर्च उचलण्याचे कबूल केले. तोवर स्फोट होऊन तेरा वर्षे उलटली होती.