स्क्रीन बिघडली की आधी स्क्रीनशॉट काढा

लिनक्सच्या कॉम्प्युटरवर काही वेडंवाकडं दिसायला लागलं, म्हणजे पट्टे उमटले, खिडकी सरकवल्यावर मागे काळे ठोकळे राहिले, मेनूतली अक्षरं अर्धी कापली गेली, की बहुतेकांचा हात पॉवरच्या बटणावर जातो. त्याआधी प्रिंट स्क्रीनचं बटण दाबा. आलेलं चित्र फोनवर घ्या आणि तिथे उघडून बघा. चित्रातही तोच बिघाड दिसला, तर दोष चित्र रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे : डेस्कटॉप, थीम, फॉन्ट किंवा ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर. चित्र स्वच्छ आहे आणि समोरची स्क्रीन मात्र थरथरतेय, तर गडबड चित्र तयार झाल्यानंतरची आहे. मग केबल बघायची, मॉनिटर बघायचा, किंवा चित्र मॉनिटरकडे जातं त्या वेळेचा ताळमेळ बघायचा. एका बटणात निम्मा शोध संपतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. ऑफिसातले कॉम्प्युटर जुने आहेत आणि त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम आहे. बिलं, पगारपत्रक, सुताचा साठा, सगळं लिब्रेऑफिसमध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, त्यामुळे ओळखीतल्या बऱ्याच जणांनी धडधाकट जुनी मशीन्स मिंटवर आणली. काम छान चालतं. पण पहिला बिघाड आला की लोक घाबरतात आणि बाजारात नेतात, आणि बाजारात उत्तर एकच मिळतं : फॉरमॅट मारा. हे मला मनापासून खटकतं. या सिस्टीममध्ये प्रत्येक थर वेगळा आहे, वेगळा तपासता येतो, वेगळा बंद-चालू करता येतो. ती सोय असताना सगळं पुसून टाकायचं कशाला?

स्क्रीनशॉटची युक्ती पॅकिंग विभागात कामी आली. तिथला मुलगा धावत आला, “मॅडम, स्क्रीन नुसती थरथर करूलालीय की ओ!” चित्र काढलं, ते स्वच्छ होतं. मागे बघितलं तर व्हीजीए केबलचे दोन्ही स्क्रू सैल. टेबलाला लागूनच शिलाई मशीन, दिवसभर हादरे. स्क्रू आवळले, थरथर थांबली. हाच मुलगा त्याआधी ड्रायव्हर बदलायला निघाला होता. आमच्याकडे आणखी एक त्रास असतो, कापसाच्या तुसाचा. पंख्याच्या जाळीत तूस अडकतं, मशीन तापतं आणि स्क्रीन गोठते. त्यावर कुठलीच कमांड नाही, ब्लोअरच मारायचा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा तर हे आधी तपासायचं.

व्हिडिओ बघताना किंवा पान वरखाली करताना स्क्रीन आडवी फाटल्यासारखी दिसते, तोही प्रकार स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. मॉनिटर एक चित्र दाखवत असताना मध्येच दुसरं चित्र येऊन बसतं, म्हणून वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो. मिंटवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असेल तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्यांचं मिळून एक चित्र बनवणारा भाग, चालू आहे का ते बघा. २०१९ च्या ४.१४ आवृत्तीपासून त्याचा विंडो मॅनेजर मॉनिटरच्या ठोक्याशी जुळवून घेतो. ते नीट होत नसेल तर सेटिंग एडिटरमध्ये ‘व्हीब्लँक मोड’ ची किंमत ‘जीएलएक्स’ करून बघायची. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर इंटेलचाच ड्रायव्हर चालू असेल तर त्याच्यात ‘टेअरफ्री’ नावाचा पर्याय आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे थर. मिंटमधला सिनॅमन डेस्कटॉप एकच वस्तू वाटतो, पण तसा तो नाही. पॅनेल, मेनू, कोपऱ्यातल्या सूचना हे सिनॅमन स्वतः दाखवतो. खिडक्या सांभाळणारा मफिन त्याच्यातच बसलेला आहे. डेस्कटॉपवरचे आयकॉन मात्र निमो हा फाइल मॅनेजर काढतो. म्हणून आयकॉन गायब झाले आणि मेनू नीट उघडतोय, तर सिनॅमनला हात लावायचा नाही, निमोकडे बघायचं. मेनू गोठलाय पण उघडलेल्या फाइलमध्ये टायपिंग होतंय, तर सिनॅमन अडकलाय. तेव्हा कंट्रोल, आल्ट आणि एस्केप एकदम दाबा. सिनॅमन नव्याने उभा राहतो, उघड्या खिडक्या तशाच राहतात, पगारपत्रकातली न साठवलेली ओळसुद्धा जागेवर असते. पॅनेलवर उजवी क्लिक करून ‘ट्रबलशूट’मध्ये गेलात तरी हाच पर्याय मिळतो. हे बटण ज्याला माहीत आहे तो मशीन धाडकन बंद करत नाही.

माऊसही हलत नसेल तर कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून बघायचं. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं, तर सिस्टीम जिवंत आहे, फक्त चित्राचा भाग बसलाय. परत यायला मिंटमध्ये कंट्रोल-आल्ट-एफ७.

आणि ज्या परीक्षेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे ती म्हणजे नवा वापरकर्ता तयार करून बघणं. ‘युजर्स अँड ग्रुप्स’मधून एक कोरं खातं उघडा आणि त्यातून लॉगिन करा. बिघाड तिथेही दिसला तर दोष सिस्टीममध्ये आहे : ड्रायव्हर, कर्नल (सिस्टीमचा गाभा) किंवा एखादं अपडेट. तिथे सगळं ठीक असेल तर दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंगमध्ये आहे, आणि सिस्टीम पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. होम फोल्डर जपून फॉरमॅट मारलं तर तोच दोष परत समोर येतो आणि लोक म्हणतात लिनक्सच वाईट.

जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपवर पॅनेल दिसायचं आणि क्षणात नाहीसं व्हायचं. दुकानदाराने फॉरमॅट सांगितलं होतं. आत लेकीच्या लग्नाचे फोटो, गड्ड्याच्या यात्रेतले व्हिडिओ. काकू म्हणाल्या, “अगं, फोटो जायचे नाहीत ना? तेवढं बघ, बाकीचं काय का होईना.” कोऱ्या खात्यात पॅनेल अगदी व्यवस्थित होतं. म्हणजे दोष काकूंच्या सेटिंगमध्ये. हवामान दाखवणारं एक अ‍ॅपलेट, म्हणजे पॅनेलवर बसणारा छोटा प्रोग्राम, त्यांच्या नातवाने टाकलं होतं. असे अ‍ॅपलेट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असतात आणि सिनॅमनच्या आतच चालतात. एक अडलं की आख्खं पॅनेल घेऊन बसतं. ते काढलं, सिनॅमन पुन्हा चालू केला, काम संपलं. काकूंनी शेंगाचटणीचा डबा हातात ठेवला आणि लगेच फोटो पेनड्राइव्हवर घेऊन द्यायला लावले, जे फार योग्य केलं.

ते काढूनही भागलं नसतं तर त्याच ‘ट्रबलशूट’मध्ये सगळी सेटिंग मूळ स्थितीत नेण्याचा पर्याय आहे. त्यात पॅनेलची मांडणी, शॉर्टकट जातात. फोटोंना, फाइलींना धक्का लागत नाही.

पासवर्ड बरोबर टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत लॉगिनचाच पडदा, असं झालं तर माणूस हादरतो. मला मात्र हा बिघाड सोपा वाटतो, कारण याची नेहमीची कारणं मोजकी आहेत. एक, डिस्क भरलेली. सिस्टीमला दोन ओळी लिहायला जागा उरली नाही की डेस्कटॉप उभाच राहत नाही. काळ्या पडद्यावर लॉगिन करून ‘डीएफ’ कमांडने जागा बघायची, नको ते काढायचं. दुसरं, होम फोल्डरमधली ‘एक्स-ऑथॉरिटी’ नावाची लपलेली फाइल रूटच्या, म्हणजे सिस्टीमच्या सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीची झालेली. कुणीतरी साधा प्रोग्राम ‘सुडो’ लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवला की असं होऊ शकतं. मालकी परत स्वतःच्या नावावर करायची.

नव्या खात्यातही बिघाड तसाच असेल तर ड्रायव्हरकडे वळायचं. माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्याच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड. अपडेटनंतर सगळं जड झालं आणि कोपऱ्यात सिनॅमनची सूचना, की ग्राफिक्स कार्डाच्या मदतीशिवाय चाललोय. टर्मिनलमध्ये ‘इन्क्सी’ ही कमांड मोठ्या ‘जी’सह दिली, तर रेंडरर, म्हणजे चित्र रंगवणारा, याच्या पुढे ‘एलएलव्हीएमपाइप’. याचा अर्थ चित्रं प्रोसेसरच रंगवतोय, कार्ड बसून आहे. अशा वेळी मशीन चालू करतानाच एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणायचा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायचं) आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडायचा. नवा कर्नल आला तरी जुना लगेच पुसला जात नाही, ते याचसाठी. जुन्या कर्नलवर सगळं सुरळीत चाललं, म्हणजे कार्ड शाबूत आहे हे कळलं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ड्रायव्हर पुन्हा टाकला. टाइमशिफ्ट या प्रोग्रामचे स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमच्या साठवलेल्या प्रती, चालू असतील तर अपडेटच्या आधीच्या दिवसावरही जाता येतं. मिंट टाकल्याबरोबर मी आधी ते चालू करते.

मराठी अक्षरांच्या बिघाडाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण त्याच्याकडे कुणी बिघाड म्हणून बघतच नाही. आमच्या कारखान्यात घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, उर्दू बोलणारे सगळे आहेत, पण हजेरी मराठीत असते. डेस्कटॉपवर ‘कर्मचाऱ्यांचे पगार’ नावाचं फोल्डर होतं. एका मशीनवर त्यातला ‘ऱ्या’ फुटून दिसायचा : ‘ऱ’ वेगळा, त्याच्या पायात हलंत, पुढे ‘या’. सगळ्यांनी ते चालवून घेतलं होतं. मी नाही घेतलं. मराठीतला हा अर्धा र रोजच्या लिखाणात पावलोपावली येतो, तो नीट दिसलाच पाहिजे.

कारण शोधलं ते असं. मिंटचा नेहमीचा फॉन्ट उबंटू, त्यात देवनागरी नाहीच. मग फॉन्टकॉन्फिग नावाची व्यवस्था मशीनवरच्या दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमधून देवनागरी उचलते. कुठल्या, हे ‘एफसी-मॅच’ कमांडला मराठी भाषेचा संकेत ‘एमआर’ देऊन विचारता येतं. त्या मशीनवर कुणीतरी टाकलेला एक जुना फॉन्ट पुढे येत होता आणि त्यात अर्ध्या र ची सोयच नव्हती. अक्षरं जोडण्याचं काम हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं, पण जोडलेलं रूप फॉन्टमध्ये नसेल तर ते तरी आणणार कुठून? जुना फॉन्ट काढला, नोटो सान्स देवनागरी टाकला, ‘एफसी-कॅश’ चालवून परत लॉगिन केलं. ‘कर्मचाऱ्यांचे’ सरळ दिसायला लागलं. पॅकिंगचा मुलगा म्हणाला, “आता कसं वाचायला बरं वाटूलालंय.”

सिस्टीमची भाषा मराठी निवडली तर आणखी एक फायदा होतो. ज्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं आहेत, तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. रेड हॅटच्या लोहित फॉन्टची मराठीसाठी वेगळी आवृत्तीही मिळते. मात्रा किंवा रफार वरून कापले जात असतील तर पॅनेलची उंची थोडी वाढवा किंवा फॉन्ट अर्ध्या अंकाने लहान करा. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बांधलेल्या थीममध्ये आपल्या वेलांटीला जागा कमी पडते. ही तक्रार थीम बनवणाऱ्यापर्यंत पोचवायला हवी. मी पोचवते. ‘कर्मचाऱ्यांचे’ हाच शब्द नमुना म्हणून देते, सोबत स्क्रीनशॉट, मिंटची आवृत्ती, फॉन्टचं नाव आणि ‘इन्क्सी’ची माहिती, ‘झेड’ लावून, म्हणजे मशीनचे खासगी क्रमांक त्यात जात नाहीत. आपण सांगितलं नाही तर तिकडच्या माणसाला ‘ऱ्या’ फुटलाय हे कळणार कसं?

स्क्रीनवर चित्र मांडण्याची जुनी व्यवस्था एक्स११ आणि नवी वेलँड. वेलँडबद्दल विचारणारे बरेच आहेत म्हणून तेवढं सांगते. जानेवारी २०२४ च्या मिंट २१.३ पासून सिनॅमनमध्ये वेलँडचं सत्र प्रायोगिक म्हणून आलं. फाटणारी स्क्रीन वेलँडच्या रचनेतच बरीचशी सुटते. पण तिथे डेस्कटॉप आणि चित्राचा सर्व्हर एकच असल्यामुळे, उघड्या खिडक्या तशाच ठेवून सिनॅमन नव्याने उभा करता येत नाही. महिन्याच्या पगाराच्या दिवशी मला ती सोय हवीच असते, म्हणून कारखान्यातली मशीन्स मी जुन्या एक्स११ वरच ठेवली आहेत. वेलँड घरच्या लॅपटॉपवर चालू आहे, आणि त्यावर मराठी टायपिंग कुठे अडतंय ते सध्या लिहून ठेवतेय.