मे महिन्यातला चार थरांचा चॉकलेट केक

इंदुरात मे महिन्यात भर दुपारी स्वयंपाकघर सहज ३५-३६ अंशांवर जातं आणि लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळतं. तेव्हा या दिवसांत बटरक्रीमच्या, म्हणजे लोणी-साखरेच्या लेपाच्या, वाटेला जाऊच नका. केकला एका बाजूने लावावं तर दुसऱ्या बाजूने ओघळतं. त्याऐवजी घट्ट गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट, करा. केक बिघडतो तो बहुधा भाजताना नाही, थर रचताना.

६ इंची दोन टिनांना, बिनअंड्याचं प्रमाण: मैदा २०० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, साखर २२० ग्रॅम, खायचा सोडा १ छोटा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. कोकोवर १८० मिली कडकडीत कॉफी ओतून गुठळ्या मोडा; कोकोचा वास खुलतो तो इथेच. कोमट झाल्यावर १२० ग्रॅम दही, १०० मिली तेल, १ मोठा चमचा व्हिनेगर घाला. गरम असतानाच दही घातलंत तर ते फाटतं. आता कोरडं मिश्रण चाळून घाला आणि पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, फेटत बसलात तर केक चिवट होतो. सोडा आंबटाला भेटला की लगेच कामाला लागतो, म्हणून ओव्हन आधीच तापलेला हवा. १७० अंशांवर ३०-३५ मिनिटं. टूथपिकला एखाद-दोन ओलसर कण चिकटलेले चालतात. अगदी कोरडी आली तर केक दोन मिनिटं जास्तच राहिला समजा. मधे डोंगर आलाय? ओव्हन जास्त तापला, कडा आधी घट्ट झाल्या आणि मधलं पीठ वर चढलं.

गार झाले की प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. कोमट केक कापला तर नुसता चुरा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक केकचे आडवे कापून दोन थर करा: ब्रेडची दातेरी सुरी घ्या, सुरी स्थिर धरून केक फिरवा. कापलेले थर पंख्याखाली उघडे ठेवू नका. इथली कोरडी हवा अर्ध्या तासात त्यांचा टोस्ट करते.

गनाशला डार्क चॉकलेट ४५० ग्रॅम, २५ टक्के फॅटचं साधं क्रीम २२५ ग्रॅम. थंडीत क्रीम वाढवता येतं, मे महिन्यात नाही. क्रीमला कडेने बुडबुडे आले की बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, तीन मिनिटं झाका, मग मधून बाहेर गोल ढवळा. वर तेल सुटलं तर फेकू नका, कोमट दूध चमचा-चमचा घालत ढवळा, परत एकजीव होतं. उन्हाळ्यात बाहेर ठेवून घट्ट व्हायची वाट पाहू नका. फ्रिजमध्ये दहा मिनिटं, ढवळा, पुन्हा दहा. चक्क्याचं श्रीखंड चमच्यावरून पडता पडत नाही ना, तसं झालं की तयार.

प्रत्येक थरावर दोन चमचे साखरपाणी (५० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, उकळून गार केलेलं). मग कडेने गनाशचा बोटभर जाड बांध, आत स्ट्रॉबेरी जॅम दोनच चमचे, त्यावर गनाशचा पातळ हात. आंब्याच्या दिवसांत जॅमऐवजी हापूसचा गर घालायचा मोह होतो, पण तो आधी आटवायलाच हवा. पातळ गर बांध ओलांडतो आणि वरचा थर घसरून केक एका अंगाला कलतो. सगळ्यात वरचा थर पालथा ठेवा, सपाट बूड वर येतं आणि कडा नेटक्या दिसतात.

बाहेरून आधी अगदी पातळ लेप. त्यात केकचे कण अडकलेत तरी चालेल, हा त्यासाठीच असतो. फ्रिजमध्ये ३० मिनिटं. बोट लावून चिकटलं नाही की दुसरा जाड हात. इथे घाई केली की काळ्या गनाशमधून केकचा चुरा वर येतो, आणि मग कितीही सारवलं तरी तो झाकला जात नाही.

राजेंद्रनगरहून पलासियाला स्कूटरवर न्यायचा तर रात्रभर फ्रिजमधला केक थेट डब्यात घाला. पावसाळ्यात तो डबा पोचल्या पोचल्या उघडू नका: गार केकवर घाम येतो, तो डब्यावर आलेला बरा. वाढायच्या ४० मिनिटं आधी बाहेर काढा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, आणि दर कापानंतर पुन्हा पुसा.