गामा नाईफ एका दिवसात झालं, बरं व्हायला तीन वर्षं लागली

जानेवारीत मावससासूबाईंचा फोन आला, "अगं तुझं ते डोक्याचं तीन वर्षांपूर्वीच झालं ना, मग आता परत मुंबईला अ‍ॅडमिट कशाला?" त्यांचं काही चुकत नाही, घरातल्यांना समजावतानासुद्धा माझी दमछाक झालीय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. कुणी यातून जात असेल तर उपयोग होईल.

ऑगस्ट २०२१ मध्ये सकाळी डबे भरताना मला फिट आली. हातात पोळी होती एवढं आठवतं, त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत. सीटी स्कॅनमध्ये छोटा ब्लीड दिसला, मग एमआरआय, मग जांघेतून नळी घालून डीएसए, म्हणजे औषध सोडून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे फोटो, आणि मग कळलं की एव्हीएम आहे. म्हणजे धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाऊन मग शिरेत यायला पाहिजे, तर माझ्या मेंदूत उजव्या बाजूला एका जागी मधल्या केशवाहिन्याच नाहीत, नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि धमनीचा सगळा जोर थेट पातळ शिरेवर. गाठ नाही, कॅन्सर नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. गुंता अडीच सेंटीमीटरचा होता पण डाव्या हाताचं काम बघणाऱ्या भागाला चिकटून, म्हणून उघडून काढण्यापेक्षा गामा नाईफ करू असं ठरलं.

डिसेंबरमध्ये मुंबईला झालं. नाव नाईफ असलं तरी कापाकापी काही नसते. रेडिएशनचे १९२ बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि एकाच जागी मिळतात, त्यामुळे त्या जागेला जबरदस्त डोस बसतो आणि आजूबाजूला कमी. मला त्रास झाला तो फ्रेमचा. कपाळावर दोन आणि मागे दोन इंजेक्शनं देऊन चार स्क्रूंनी ती फ्रेम डोक्याला आवळतात, दुखत नाही पण दाब असा येतो की दात आपोआप आवळले जातात. मशीनमध्ये मात्र काहीच जाणवलं नाही, मी रामरक्षा म्हणत पडून होते. दुसऱ्या दिवशी गाडीने घरी. कसारा घाटात प्रत्येक खड्डा कपाळावरच्या त्या दोन भोकांत कळत होता. नाशिकला, इंदिरानगरला पोचेपर्यंत डोळे सुजून बारीक झाले होते, चारेक दिवसांत ते उतरले आणि आठवड्याभरात खपल्या पडल्या.

आणि इथेच सगळ्यांना वाटलं, झालं, सुटलो. केस गेले नाहीत, टाके नाहीत, बाई चालतीबोलती आहे. पण रेडिएशनने गुंता लगेच बंद होत नाही, नसांच्या आतलं अस्तर दुखावतं, मग भिंती हळूहळू जाड होत जातात आणि रस्ता बुजतो, त्याला दोन-तीन वर्षं लागतात, कधी जास्तही. तोपर्यंत फुटायची भीती तशीच. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षाला साधारण २ ते ४ टक्के. आकडा लहान वाटतो, पण रात्री साधं डोकं दुखायला लागलं की तो लहान राहत नाही. नवरा झोपेतून उठून मला हलवून बघायचा, बोल गं काहीतरी, म्हणायचा.

फिटमुळे स्कूटर बंद झाली, पतसंस्थेत मी कॅशला आहे, तिथे सिटीलिंकच्या बसने जायला लागले. आठ महिने बरे गेले. मग एक दिवस नोटा मोजताना बंडल डाव्या हातातून घसरलं. उचललं, परत घसरलं. बोटांना मुंग्या होत्या आणि मी दोन दिवस घरी कुणाला सांगितलं नाही, ही माझी मोठी चूक, तुम्ही असं करू नका. एमआरआयमध्ये त्या जागेभोवती सूज दिसली. रेडिएशननंतर सहा महिने ते दीड वर्ष या काळात अशी सूज येऊ शकते आणि बऱ्याच जणांची उतरतेही, हे मला तेव्हा कळलं.

डेक्सा, म्हणजे सूज उतरवायची स्टिरॉइडची गोळी, चालू झाली. ते दोन महिने सगळ्यात कठीण. चेहरा भरला, भूक अशी की रात्री तीन वाजता मी ओट्यापाशी उभी राहून गार भाकरी खात होते, झोप नाही, उगाच रडू यायचं. सासूबाई उठून शेजारी बसायच्या, काही न बोलता भाकरीवर तूप घालायच्या. हाताची ताकद हळूहळू आली, डॉक्टरांनी गोळी एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने कमी केली.

दोन वर्षांनी एमआरआयमध्ये गुंता जवळजवळ दिसेना. तेव्हा इथल्या एका डॉक्टरांनी, ज्यांच्याकडे मी सर्दी-तापाला जाते, रिपोर्ट बघून सांगितलं की बंद झालंय, आता फिटच्या गोळ्या सोडून द्या. मला किती मोह झाला म्हणून सांगू! पण नवऱ्याने मुंबईला फोन लावला आणि तिथून स्पष्ट सांगितलं की गोळ्या मनाने थांबवायच्या नाहीत, थांबवल्या तर फिट परत येऊ शकते, आणि पूर्ण बंद झालंय की नाही ते डीएसएमध्येच नक्की कळतं. त्या फोनबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

तर मावशी, परत अ‍ॅडमिट झाले ती या डीएसएसाठी. जानेवारी २०२५. नळी काढल्यावर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं होतं, डॉक्टर संध्याकाळी आले आणि मोबाईलवर दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले, २०२१ चा काळा झुपका आणि आत्ताचा, तिथे काहीच नाही. मी पाय हलवू शकत नव्हते, नवऱ्याने माझा डावा हात धरला होता, आणि तो किती घट्ट धरलाय ते मला पाचही बोटांत कळत होतं.

गोळ्या अजून सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा डोस कमी करणार आहेत.